फोटोपुरतं गोडाऊन

विश्वास कुणावर ठेवायचा हो, कंपनीच्या छापील कागदावर की तिथल्या हमालाच्या शब्दावर? मी सातवी नापास. वडपे गावच्या गोडाऊनांना पॅकिंगचं कापड पुरवतो. तिथं उठबस करून माझ्या हिशेबाच्या वहीत किस्से इतके साठलेत, की आता माल कमी आणि किस्सेच जास्त!

*

वडलांच्या काळी जनसंपर्क म्हणजे चहा. कापड विरलं तर गिऱ्हाईक चारचौघांत शिव्या घालायचं, वडील मुकाट ठाण बदलून द्यायचे. आता तक्रारीला नंबर असतो. मी एकदा लावला. पाऊण तास सनई! तेवढ्या वेळात माझं लग्न लागलं होतं.

*

दरवर्षी कंपनीचं वृक्षारोपण असतं. खड्डा तोच, पाहुणे नवे. पीआरच्या मॅडम मुंबईहून येतात. मी विचारलं, "मॅडम, मागच्या वर्षीचं झाड कुठाय?"

"काका, ते मागच्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये आहे ना!"

*

सुरक्षा सप्ताह. हमाल साठ, हेल्मेटं बारा. बारा-बारा जणांचे पाच फोटो काढले. ठेकेदार खूश, "सेठ, फोटो में तो सब सेफ है!"

आम्ही हसलो. तेव्हा हसलो.

*

अंबाडी गावचा हमाल किसन माझा माल उतरवायचा. गोडाऊनच्या आत त्याच्या पायावर मालानं भरलेलं पॅलेट, म्हणजे लाकडी फळ्यांचा चौथरा, पडलं. मी समोर होतो. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. अपघात ड्युटीवरचा लिहिला असता तर भरपाई मिळाली असती. मॅडमनी प्रेसनोट काढली, 'रस्त्यात पडलेल्या इसमाला कंपनीचा माणुसकीचा हात.'

साक्ष द्यायला म्हणून मी तावातावाने ऑफिसात गेलो. मॅनेजरनं चहा मागवला. "शेठ, पुढची ऑर्डरही तुमचीच."

चहा पिऊन मी घरी आलो.

*

गेटवर कंपनीचा बोर्ड आहे, 'अपघाताविना इतके दिवस.' रोज सकाळी वॉचमन त्यातला आकडा एकाने वाढवतो. किसन पडला त्याच्या दुसऱ्या दिवशीही वाढवला!

परवा माल घेऊन गेलो. कुबडी भिंतीला टेकवून, स्टुलावर एका पायानं उभा राहून नवा वॉचमन आकडा बदलत होता. किसन! 'रस्त्यात पडलो' या कागदावर अंगठा दिला, तेव्हा कुठे ही नोकरी मिळालेली.

"बरा आहेस ना रे?"

"बरा हाय, शेट." त्यानं आकडा नीट सरळ केला. "इथं मना रोज एक वाढवायलाच लागतं. तुमच्या वहीत तरी तो दिवस खरा लिवून ठेवा."