काडीचं माप

"काडी आणली का?"

शेटनं एवढंच विचारलं. पोरीकडं बघितलंसुद्धा नाही. गौतमी माझ्या कडेवर होती. दोन्ही पाय उघडे, हवेत झाडून राहिलेली. पाय डोळ्यांसमोर लटकून राहिलेत आणि हा माणूस काडी मागतोय!

उमरीतलं चपला-बुटांचं दुकान. बाजाराचा दिवस. माय माझ्या शेजारी, पायरीखाली उभी. मी काही बोलायच्या आत तिनं पदराची गाठ सोडली आणि खराट्याची काडी काढून पुढं धरली. सकाळी पोरगी झोपेत असताना तिच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरून मोडलेली. मला पत्ताच नाही.

"जरा मोठाच द्या शेट," माय म्हणाली. "वाढतं पाऊल हाय."

शेटनं काडी हातात घेतली नाही. काउंटरवरनं एक बूट कडेला सरकवला. मायनंच काडी आत घालून बघितली. "बसली," म्हणाली. झालं माप.

मागचा जोडही मायनं याच दुकानातून असाच काडीवर आणला होता. तेव्हा गौतमी नुकतीच खाट धरून, मग भिंत धरून, मग काहीच न धरता चालायला लागली होती. घरभर कौतुक! बूट घातले आणि सगळं बिघडलं. काडी लांबी सांगते. काडीला पंजा नसतो, अंगठा नसतो, टाच नसते. बूट पुढून आवळायचा, मागून निसटायचा. टाचेला फोड आला. एक दिवस पोरगी ओट्यावर तोंडावर आपटली, ओठ फुटला. त्यानंतर बूट दिसला की ती फतकल मारून बसायची. मग तर अनवाणीसुद्धा उभी राहीना. परत रांगायला लागली. माझा जीव टांगणीला. मी नांदेडजवळ विष्णुपुरीला एका कॉलेजात लॅबमध्ये नोकरीला आहे. रजा टाकून आले ती याच्यासाठीच. पोरीच्या पायात नीट बूट घालायचा, बस.

आणि इथं पुन्हा काडी.

ही काडी मी ओळखते. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीतला प्रत्येक माणूस ती घेऊनच या दुकानात यायचा. आमच्यापैकी कुणाचा पाय दुकानातल्या बुटात जायचा नाही. गेला तर तो बूट मग कोण घेणार? म्हणून काडी. पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माय म्हणायची, आपली रीत हाय. मला वाटायचं सगळं जग असंच बूट घेतं.

लातूरला शिकायला गेले. प्रॅक्टिकलला बंद बूट लागायचे. होस्टेलच्या मुलींबरोबर दुकानात गेले. दुकानदारानं नंबर विचारला. मी पर्समधून काडी काढून दिली! माझ्या स्वतःच्या दोन पायांवर उभी राहून. एक मुलगी म्हणाली, "अगं, पाय घरी ठेवून आलीस का?" सगळ्या हसल्या. दुकानदार हसला. मीपण हसले. दुसरं काय करणार! खोलीवर येऊन बाथरूमचा नळ सोडला आणि रडले. त्या दिवशी कळलं, ती रीत नव्हती. ती बंदी होती. आम्ही तिला रीत म्हणून जपली होती.

आता उमरीत कुणी तोंडानं जात काढत नाही. शेटसुद्धा नाही. मायला नावानं हाक मारतो, खुशाली विचारतो. फक्त काडी मागतो.

मी तशीच उभी होते. डोकं तापलेलं. तेवढ्यात एक जोडपं आलं. गावातल्या बड्या घरचं.

"या या वहिनी!" शेट काउंटरच्या बाहेर आला. खाली बसला. त्यांच्या लेकराचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. बाजारातला चिखल लागला होता, तो आपल्या रुमालानं पुसला. एक जोड घातला, काढला. दुसरा घातला, काढला. "अंगठा दाबून बघा वहिनी, पुढं जरा जागा पायजे. खाली सोडा, चालू द्या. चालल्याशिवाय कळत न्हाई. लेकराचं पाऊल लई नाजूक असतं."

म्हणजे याला माहीत होतं! सगळं माहीत होतं. बूट कसा बघायचा, पोर कसं पडतं, पाऊल कशानं दुखतं. माहीत असून त्यानं माझ्या पोरीला काडीवर तोललं होतं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"शेट, माझ्या पोरीलाबी चालवून बघते."

"बसली की काडी. आता काय चालवायचं?"

"काडी चालत न्हाई. पोरगी चालते."

मी पायरी चढले. मायनं मागून दंड धरला. "काय करून राहिली तू? गुमान चल." मी दंड सोडवला. बाकावर जाऊन बसले. काडीवर मोजलेला तो बूट घेतला आणि गौतमीच्या पायात घातला. बूट जाईना. पंजा रुंद आहे तिचा, मायसारखाच.

"ए बाई, तो बूट आता तुलाच घ्यावा लागंल. कोन घेतंय त्याला?"

वहिनींच्या लेकरानं घालून काढलेले जोड बाकाखाली पसरलेले होते. मी बोट दाखवलं. "हे कोन घेतंय, ते आधी सांगा."

वहिनींनी मोबाईल काढला. त्यांचे यजमान रस्त्याकडं बघायला लागले.

मी उठले आणि फळीवरून दुसरा जोड माझ्या हातानं काढला. मऊ, कापडी. घातला. अंगठा दाबला. पुढं जागा होती. पोरीला फरशीवर सोडलं. तिनं बुटाकडं बघितलं आणि नेहमीसारखी फतकल मारली. सगळ्यांदेखत आता परत उचलायची का हिला? मी उचललं नाही. मग गौतमीनं बाक धरला, उठली, बाक सोडला आणि डुलत डुलत सरळ काउंटरपाशी गेली. पडली नाही.

"हाच द्या," मी म्हणाले.

बाहेर आल्यावर माय माझ्यावर तुटून पडली. "तू जाशील विष्णुपुरीला! मला हितं ऱ्हायचंय. उद्या कोन्या तोंडानं जाऊ त्याच्या म्होरून? आगं, जल्मात त्या बाकावर बसले न्हाई मी. म्हनून काय मेले का?"

गाडी येईपर्यंत ती पाठ करून बसली. अजून धड बोलत नाही. फोन केला की पोरीचं विचारते आणि ठेवून देते. मला चैन नाही. हातातलं काम सुटतं, मनात तिच्याशीच भांडत असते.

नवरा म्हणतो, नांदेडात एवढी दुकानं पडलीत, उमरीला कशाला जाते? नांदेडात मला कुणी ओळखत नाही, म्हणून तिथं पाय चालतो. उमरीत ओळखतात. मग उमरीतच जायचं. लेकराचं पाऊल भराभरा वाढतं. दर काही महिन्यांनी बूट लहान होणार. दर वेळी मी रजा टाकणार, उमरीला उतरणार, त्याच दुकानात जाणार.

पुढच्या खेपेला गौतमीच्या आधी मायला त्या बाकावर बसवणार. येणार नाही ती. ओढत नेईन. शिव्या देईल, देऊ दे. तिचं भेगाळलेलं पाऊल माझ्या मांडीवर घेईन, चप्पल घालीन, काढीन आणि शेटला म्हणेन, "ही न्हाई बसली. दुसरी दाखवा."