वाचनाच्या शेवटचे शब्द

“वाचायला उभी राहिले की मी नसतेच, नुसता आवाज असतो,” कुसुमताई खरात एकदा म्हणाल्या होत्या.

तो आवाज जालन्याकडच्या गावात घडला. तिथं फादर महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी लोक आपापले प्रार्थनेला जमत आणि फादरांच्याच सांगण्यावरून कुसुमताई बायबलमधलं सगळं वाचत, शेवटचं येशूचं शुभवर्तमानसुद्धा. पुढं नवरा भीमराज चाकणला कंपनीत लागला, तशा त्याही आल्या. मागच्या वर्षी भीमराज गेले. आता त्याच कंपनीत कुसुमताई पॅकिंगला आहेत.

तळेगावात भाड्याच्या हॉलमध्ये मराठी मिस्सा, म्हणजे फादरांनीच चालवायची रविवारची उपासना, होते. त्या रविवारची मिस्सा भीमराजना वर्ष झालं म्हणून त्यांच्या आत्म्यासाठी होती, म्हणून फादर पास्कोलनी शुभवर्तमानाआधीची दोन्ही वाचनं कुसुमताईंनाच दिली. दुसरं संपलं. बोटानं सवयीनं पान उलटलं आणि आवाज थेट शुभवर्तमानात शिरला. लोक गोंधळले. शुभवर्तमानाला उभं राहायचं असतं, म्हणून काही उभे राहिले, काही बसूनच. मग पुस्तकावर फादरांचा हात आला.

“ताई, हे मी वाचतो.”

हळूच म्हणाले, पण माइक चालू होता.

कुसुमताई खाली जाऊन बसल्या. पुढं प्रार्थनेत भीमराजचं नाव घेतलं गेलं. ते वर गेलंच नाही, पंख्याखालीच कुठंतरी भिरभिरतंय, असं त्यांना वाटलं.

मिस्सा सुटल्यावर दारात गायनमंडळातली मिनल हसली. “मावशी, पुढच्या खेपेला फादरचा झगाच घाला.”

त्या तशाच मागं फिरल्या.

“फादर, मिस्सा मोडली का माझ्यामुळं?”

“नाही हो. गावात फादर नसायचे, तेव्हा तुम्ही वाचायचात ते बरोबरच होतं. मिस्सेत शुभवर्तमान फादरनं वाचायचं, नाहीतर त्यांच्या हाताखालच्या डीकननं. बाकीची वाचनं तुमचीच.”

“मंग आमच्या ह्यांना पोचली?”

“पोचली.”

उत्तर फार लवकर आलं.

आठवडाभर खोक्यांना टेप लावताना भीती वाढत गेली. एक गोष्ट आपली नव्हती, हे इतकी वर्षं कळलं नाही. आणखी काय काय आपलं नसेल? घरी बायबल उघडलं, पण ओठ मिटलेलेच राहिले. तिकडं भीमराज अजून ताटकळत असतील, आणि आपण पुन्हा चुकलो तर?

पुढच्या रविवारी फादरांनी मुद्दाम पहिलं वाचन त्यांना दिलं. त्यांनी वाचलं. नीट, पण खालच्या आवाजात. वाचन संपलं की वाचणाऱ्यानं “हा प्रभूचा शब्द” म्हणायचं असतं, मग लोक उत्तर देतात. लोक तयार होते. कुसुमताईंनी फादरांकडं पाहिलं. हे शब्दही फादरांचेच असले तर? फादरांनी मान हलवली, म्हणा म्हणून. ती मान हो म्हणत होती की नाही, त्यांना कळेना.

माइकमधून नुसता श्वास ऐकू आला. पुस्तक उघडंच ठेवून त्या खाली उतरल्या, पदर सावरत खुर्च्यांमधून चालत गेल्या आणि दाराबाहेर पडल्या.