बंद दारामागची इंग्रजी

इंग्रजी शिकायचं ठरवलं तेव्हा मी सगळ्यात आधी वेळापत्रक केलं. सासूबाईंची आंघोळ, नाश्ता, औषधं आटोपली की अकरा ते बारा अभ्यास. शनिवारी आणि रविवारी इथे बंगळुरातच, मारतहळ्ळीत राहणाऱ्या एका मुलीचा ऑनलाइन तास. ती मूळची पुण्याची, आयटीत नोकरी करणारी, मराठी मंडळातल्या ओळखीतून मिळालेली. पहिल्याच तासाला तिनं निदान केलं.

"काकू, तुमचं ग्रामर ओके आहे. वाचता, लिहिता, सगळं समजतं. प्रॉब्लेम फ्रेजल व्हर्ब्जचा आहे. लोक बोलताना तेच वापरतात."

म्हणजे साधं, रोजचं क्रियापद घ्यायचं, त्याला एक चिमुकला शब्द जोडायचा आणि अर्थ तिसराच निघायचा. 'पुट' म्हणजे ठेवणे. पण 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे निमूट सहन करणे. पुस्तकात हे सगळं एबीसीडीप्रमाणे लावलं होतं. किराण्याची यादी कुणी बाराखडीप्रमाणे करतं का? मी माझ्या याद्या कामांप्रमाणे केल्या. लिफ्टच्या पानावर 'ब्रेक डाउन', बंद पडणे. पाण्याच्या पानावर 'रन आउट', संपणे, आणि त्याच्याखाली टँकरसाठी 'टर्न अप', म्हणजे वाट बघायला लावून एकदाचं उगवणे. भांडणाला 'फॉल आउट'. तक्रारींचं पान सगळ्यात भरलेलं: 'लुक इन्टू', चौकशी करणे, 'फॉलो अप', पाठपुरावा करणे, 'सॉर्ट आउट', निस्तरणे.

लिफ्ट, पाणी आणि टँकर, कारण आमच्या बनशंकरीतच, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका मोठ्या गृहसंकुलाला कार्यालय सांभाळायला माणूस हवं होतं. रहिवासी देशभरातले, त्यामुळे कारभार इंग्रजीत. बाकी काम मला येण्यासारखं होतं. माणसं हाताळणं, वेळा पाळणं, एकाच वेळी प्लंबर आणि पाहुणे सांभाळणं मी आयुष्यभर केलं होतं. पण पन्नाशीच्या उंबऱ्यावर पहिली नोकरी मागायची, तर मुलाखतीत तोंड उघडायला हवं. मला ती नोकरी फार हवी होती. नवरा गेल्यापासून माझे दिवस औषधांच्या वेळांवर लटकलेले होते. दुसरी एखादी खुंटी हवी होती.

मारतहळ्ळीच्या मुलीनं माझी भीती एका वाक्यात कमी केली. "काकू, आपण 'करून टाक' म्हणतो, तेव्हा काय टाकतो? काहीच नाही ना?" मी हसले. बोलून बसणे, देऊन टाकणे, होऊन जाणे. जन्मभर हेच करत आले होते आणि कुणी यादी दिली नव्हती.

मग ती म्हणाली, "आता 'गेट बॅक'चं, म्हणजे नंतर उत्तर कळवण्याचं, एक वाक्य करा. विचार करू नका, येईल ते बोला."

मी तोंड उघडलं. "लेट मी... लुक इन्टू इट, अँड गेट बॅक टू यू."

"वॉव! एकदम नॅचरल! हे कुठून आलं?"

कुठून आलं ते मला ऐकताक्षणीच कळलं होतं. 'लेट मी'नंतर थोडं थांबणं, 'बॅक'वरचा जोर, शेवटी खाली उतरलेला आवाज. ते माझ्या नवऱ्याचं वाक्य होतं.

तो सरकारी संशोधन संस्थेत इंजिनिअर होता. शेवटची काही वर्षं त्याच्या बऱ्याचशा मीटिंगा घरूनच व्हायच्या. पुढच्या लहान खोलीत तो दार लावून बसायचा आणि घर गप्प व्हायचं. तो गप्पपणा सासूबाईंच्या अखत्यारीत होता. मिक्सर बंद, कुकरची शिटी काढून ठेवायची, भाजीवाल्याला फाटकातूनच खुणेनं परत पाठवायचं. स्वतः त्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायच्या. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, पण मुलाचा आवाज कुठे चढला, कुठे उतरला यावरून मीटिंग संपत आल्याचं त्यांना आधीच कळायचं. मग आत जाऊन त्याला हिंग-जिऱ्याचं ताक द्यायचं. त्या वेळी मी भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात असायचे. मला वाटायचं, मी भाजी चिरतेय. मी इंग्रजी शिकत होते.

त्या दिवशी तास संपवून मी लॅपटॉप मिटला आणि दार उघडलं, तर सासूबाई बाहेर उभ्या. हातात ताकाचं भांडं.

"संपली काय मीटिंग?"

गेल्या वर्षापासून त्यांची आठवण उतरणीला लागली होती. सकाळची गोष्ट दुपारी पुसली जायची. पण मुलाबद्दल त्यांनी विचारणं थांबवलं होतं आणि मी ते चांगलं लक्षण धरलं होतं.

"आई, मी बोलत होते. माझा क्लास."

"तो आत आहे की. मी ऐकलं."

मी व्यवहारी बाई. खोटं बोलून पुढचा गुंता वाढवण्यापेक्षा खरं सांगून मोकळं व्हावं या मताची. म्हटलं, "आई, ते नाहीत आता. गेल्या वर्षी दवाखान्यात वारले. तुम्ही होतात तिथे."

त्यांचा चेहरा मी बघत राहिले. त्या हळूच खुर्चीत बसल्या. भांडं मांडीवर घट्ट धरलेलं. "मला कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "असं कसं गं मला कुणीच सांगितलं नाही?"

संध्याकाळपर्यंत रडल्या. दिवेलागणीला विसरल्या. आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अभ्यासाला बसले, 'कॅरी ऑन' आणि 'होल्ड ऑन' मोठ्यानं म्हटलं, तर पुन्हा दारात त्या आणि पुन्हा तोच प्रश्न. डॉक्टर म्हणाले, दुरुस्त करू नका, बाहेर गेलाय म्हणा, विषय बदला. मी तसं करून पाहिलं. "बाहेर गेलेत" म्हटलं की त्या फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या. उन्हात, अनवाणी. दोन्ही उत्तरं सारखीच वाईट होती.

मग मी जागा बदलली. गच्चीवर, पाण्याच्या टाकीआड बसून बोलू लागले. पण टाकीच्या बाजूनं नळ खाली नेण्यासाठी सोडलेली मोकळी जागा थेट खालच्या न्हाणीघरापर्यंत जाते, आणि न्हाणीघरातून सासूबाई वर तोंड करून हाक मारायच्या, "अरे, वर काय करतोस? जेवायला ये!"

खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी हे ऐकलं. त्या पिढ्यान्पिढ्या बंगळुरात राहिलेल्या घरातल्या, त्यांच्या मराठीत निम्मं कानडी. जिन्यात मला अडवून म्हणाल्या, "काय गं, गच्चीत कुणाला इंग्लिशमध्ये झापतेस? प्लंबर पळून गेला ना!"

मी सगळं सांगितलं. त्यांची थट्टा थांबली.

"अय्यो. मग आवाज बदल की स्वल्प. बाईसारखा बोल."

"बाईसारखाच बोलते, अक्का."

"नाही गं," त्या म्हणाल्या. "मी खालून ऐकलं ना. मलाही क्षणभर वाटलं."

आवाज बदलायचा प्रयत्न मी केला. मोबाइलवरच्या धड्यातली बाई जशी सुरात बोलते तसं बोलून पाहिलं. पण सूर बदलला की शब्द जायचे. याद्या पाठ होत्या, अर्थ पाठ होते, पण जिभेवर यायचे ते नवऱ्याच्याच चालीत. 'ॲक्च्युअली' म्हणण्याआधी तो घसा खाकरायचा. मीही खाकरू लागले. फोनवर समोरच्याला थांबवताना तो डावा तळवा वर करायचा, समोरचा दिसत नसला तरी. एका दुपारी भांडी घासताना, कुणीही बोलत नसताना, मी साबणाचा तळवा वर केला आणि म्हणाले, "होल्ड ऑन, होल्ड ऑन." आणि पलीकडच्या खोलीतून सासूबाईंचं उत्तर आलं, वर्षानुवर्षं यायचं तसंच. "असू दे, असू दे. बोल तू."

नळ वाहत होता. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कुणी दिसलं नसतं हे मला माहीत होतं, आणि मला ते पाहायचं नव्हतं.

मुलाखतीची वेळ सकाळची ठरली, व्हिडिओवर. मी तयारीची यादी केली. लॅपटॉप चार्ज, मागे कोरी भिंत, पाणी. आणि सासूबाई घराबाहेर. त्या दिवशी मला दोन्ही गोष्टी एकदम सांभाळता येणार नव्हत्या. दाराबाहेर त्या उभ्या आहेत हे कळलं असतं तर मी आत अडखळले असते, आणि त्यांना आणखी एकदा ते सगळं सांगायची माझ्यात ताकद नव्हती. अक्का त्यांना बनशंकरीच्या देवळात नेणार होत्या. साडी नेसवून झाली, चपला घातल्या. मी लॅपटॉप घेऊन पुढच्या खोलीत निघाले आणि सासूबाईंनी ते पाहिलं.

"मीटिंग आहे काय?"

"हो आई. तुम्ही अक्कांबरोबर जाऊन या."

"मीटिंग असताना कशी जाऊ?" त्यांनी चपला काढल्या. खुर्ची ओढली. "देऊळ काय पळून जातंय?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मुलाखतीची वेळ झाली होती. मी दार लावून घेतलं.

समोर समितीचे तिघं होते. पहिले प्रश्न सोपे गेले. मग त्यातल्या एका बाईंनी विचारलं, उन्हाळ्यात पाणी संपलं, टँकर आला नाही आणि तेवढ्यात दोन घरं पार्किंगवरून भांडत खाली आली, तर तुम्ही काय कराल? माझ्या सगळ्या याद्यांची पानं एकदम समोर आली आणि एकही शब्द बाहेर पडेना. त्या शांततेत दाराबाहेरचं मला ऐकू आलं. फाटकाशी भाजीवाला ओरडला, आणि सासूबाईंचा दबका, धारदार आवाज: "मेल्लगे अप्पा, मेल्लगे! हळू, आत काम चाललंय."

मी घसा खाकरला आणि बोलू लागले. नवऱ्याला बोलू दिलं, असं म्हटलं तरी चालेल. आधी टँकरचं 'सॉर्ट आउट' करीन, तोवर दोन्ही घरांना वेगवेगळं बसवीन, दोघांचं ऐकून 'लुक इन्टू' करीन आणि संध्याकाळच्या आत दोघांना 'गेट बॅक' करीन. कुठे थांबायचं ते ठरवावं लागलं नाही. बाई मान डोलवत होत्या. माझा डावा तळवा वर गेलेला मला पडद्यावरच्या माझ्या लहान चौकटीत दिसला. चेहरा माझा होता.

लॅपटॉप मिटून मी तशीच बसले. बाहेर जाऊन काय सांगायचं? खरं, की बाहेर गेलेत? शेवटी दार उघडलं. सासूबाई उभ्या राहिल्या. माझ्या खांद्यावरून त्यांनी आत पाहिलं. टेबल, लॅपटॉप, रिकामी खुर्ची. बराच वेळ पाहिलं. मागे अक्का पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"कोण बोलत होतं?"

"मी, आई."

"तू? इंग्रजी?"

"हो. नोकरीसाठी."

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं, जणू तिथे काही लागलेलं असावं.

"त्यानं शिकवलं काय तुला?"

"हो," मी म्हटलं. "त्यांनीच शिकवलं."

"बरं केलं," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या. "घसा सुकला असेल तुझा."

नोकरी मिळाली. सकाळी जाते, दुपारी जेवायला घरी येते. मधल्या वेळेत अक्का वर येऊन बसतात. टँकर खरंच वाट बघायला लावतात आणि माणसं खरंच पार्किंगवरून भांडतात. माझी इंग्रजी स्पष्ट आहे, असं रहिवासी म्हणतात. सुटीच्या दिवशी घरून फोन घ्यावा लागला तर मी पुढच्या खोलीत दार लावून बसते.

त्या दिवसापासून सासूबाईंनी मुलाबद्दल एकदाही विचारलेलं नाही. फाटकाशी जात नाहीत, न्हाणीघरातून हाक मारत नाहीत. अक्का विचारतात, "आता सरी झालं ना, सगळं ठीक?" मी म्हणते, झालं. मला हेच हवं होतं.

परवाच्या रविवारी मला कुणाचाही फोन आला नव्हता. मी खोलीत गेले, दार लावलं, खुर्चीत बसले आणि समोरच्या कोऱ्या भिंतीला म्हणाले, "लेट मी... लुक इन्टू इट, अँड गेट बॅक टू यू." अगदी त्याच्यासारखं. जमेल तितकं त्याच्यासारखं. मग गप्प राहून ऐकत बसले. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अक्का मोठ्यानं काहीतरी बोलल्या आणि सासूबाईंनी त्यांना गप्प केलं.

"हळू बोल की," त्या म्हणाल्या. "सून कामात आहे."