सुपडूआबांच्या घड्याळाची काच

चोपड्यात एखादी गोष्ट वेळेआधी झाली, की जुनी माणसं अजूनही म्हणतात, "सुपडूचा भोंगा झाला." म्हणायची संधी वर्षातून एखाददोनदाच मिळते, त्यामुळे कोणी ती सोडत नाही.

सुपडूआबा तिथल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात भोंगा वाजवायचे. साडेसहाची पाळी, साडेसहाचा भोंगा. बावीस वर्षं निम्म्या गावाची चूल त्यावर पेटली. मग १९८४ च्या दिवाळीनंतर एका सकाळी तो साडेपाचला वाजला. दीडशे मजूर डबे घेऊन अंधारात तासभर फाटकाबाहेर उभे राहिले आणि तासभर एकाच माणसाविषयी बोलले. दुपारी आबांना कामावरून काढलं. आबा पिऊन आले होते, असं गावाने ठरवलं. आबा सुपारीसुद्धा खात नसत. पण गावाला दुसरं कारण सुचलं नाही, आणि आबांनी सुचवलं नाही.

त्यांचा मुलगा प्रेमराज जळगावला एसटीत कारकून होता, आता निवृत्त आहे. चाळीस वर्षं त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: त्या दिवशी घड्याळ चुकलं, की बाप? आबा जाऊन वीस वर्षं झाली होती. यंदा त्यांच्या पेटीत ते घड्याळ सापडलं, तेव्हा निदान एका साक्षीदाराची तपासणी करता येईल, असं त्याला वाटलं.

घड्याळ विचित्र होतं. मनगटी, स्टीलचं; काटे आखूड आणि नको तितके जाड; प्रत्येक आकड्यापाशी उंचवट्याचे ठिपके; सहाच्या बाजूला एक बटण, जे दाबून काहीच होत नसे. प्रेमराजची मुलगी स्नेहल हिने फोटो काढून मोबाइलला विचारलं. मोबाइल म्हणाला, पाणबुड्याचं असावं. चोपड्याच्या जिनिंगमध्ये पाणबुड्याचं काय काम, हे मोबाइलने सांगितलं नाही.

मग कोणीतरी धुळ्याच्या अभिमन नानांचं नाव सांगितलं. पन्नास वर्षं घड्याळं उघडून बसलेला माणूस. नानांनी डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळ उलटंपालटं करून पाहिलं.

"पाणबुड्याचं म्हणतात," प्रेमराज म्हणाला.

"कोण म्हणतं? पाण्यात नेलं असतं तर पाणी आत अन् पाणबुड्या बाहेर राहिला असता." नानांनी भिंग काढलं. "भाऊ, ही काच कोणी चिकटवली?"

"मीच. म्हणजे जळगावला एकाकडून चिकटवून आणली. सारखी उघडायची. बिजागरी ढिली झाली होती."

"ढिली नव्हती."

नानांनी पात्याच्या टोकाने कडेचा जुना गोंद खरवडला. पाव तास गेला. मग बटण दाबलं, तशी काच झाकणासारखी टपकन वर आली. नानांनी किल्ली दिली, वेळ लावली, डोळे मिटले आणि अंगठा काट्यांवरून फिरवला.

"हे तीन ठिपके म्हणजे बारा. हे दोन ठिपके म्हणजे तीनचा आकडा. काटे जाड आहेत ते चाचपून वाकू नयेत म्हणून. आंधळ्या माणसाचं घड्याळ आहे, भाऊ. वडलांना दिसत नव्हतं?"

"दिसायचं की," प्रेमराज म्हणाला. मग आबांनी घरी आलेलं एकही पत्र स्वतः वाचलं नव्हतं, हे त्याला आठवलं. "तुझ्या मायला वाच म्हणावं," असं ते म्हणत, आणि तो त्यांचा तोरा वाटे.

"काच कधी चिकटवली?"

"पहिल्या पगारात. चौऱ्याऐंशीच्या दिवाळीला आणून दिलं."

नानांनी काच मिटवून घड्याळ त्याच्या हातावर ठेवलं.

चोपड्याला त्याची माय, यशोदाबाई, ओट्यावर शेंगा निवडत होती. पंच्याऐंशी वर्षांची. प्रेमराजने घड्याळ तिच्या हातात दिलं. तिने न बघता बटण दाबलं, अंगठा फिरवला आणि म्हणाली, "सव्वाचार." चार वाजून सतरा मिनिटं झाली होती.

"माय, तुले माहीत व्हतं?"

"भुसावळले डोया दखाडाले गयथात, तठला डागदरनी दिन्ह. मी बी शिकी लिन्ह." आबा डोळे दाखवायला गेले होते, हे प्रेमराजला पहिल्यांदाच कळलं.

"मंग माले कसाले सांगं नही?"

"तुना पहिला पगार व्हता. त्यासनी सांगं, पोरगाले सांगू नको, मी अंदाजवर भागाडी लेसू." तिने एक शेंग फोडली. "नऊ दिन भागाडं. दहावे दिन भोंगा चुकना."

प्रेमराज घड्याळ घेऊन उठला. तीन घरं पुढे मोतीलाल बसतो. त्या सकाळी फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्यांपैकी हयात असलेल्या मोजक्यांतला एक, आणि सुपडूच्या भोंग्याचा मुख्य प्रचारक.

"ये रे परेमराज. आज चहाच्या वेळेआधीच आलास? सुपडूचा भोंगा!"

"मोतीलालभाऊ, तो भोंगा आबांनी चुकवला नाही. मी चुकवला."

मोतीलालने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तू तर तवा जळगावला होतास."

"हो," प्रेमराज म्हणाला आणि शेजारी बसला. "डोळे मिटा अन् हात इकडे द्या. सांगतो."