नामदेवभाऊचा बसलेला घसा

फूल संध्याकाळपर्यंत मान टाकते, किस्सा मात्र आमच्या बाजारात वर्षानुवर्षं टवटवीत राहतो. नागपूरच्या ठोक फूलबाजारात वीस वर्षांपासून माझा गाळा आहे. फुलं रोज संपतात, किस्से उरतात. त्यातले निम्मे नामदेवभाऊचे, आणि तेही डिसेंबरातले!

नामदेवभाऊ म्हणजे आमच्या हर्रासाचा आवाज. शेतकऱ्याचा माल समोर आला की भाव पुकारणार तो, आणि 'तीन' म्हणून सौदा तोडणारही तोच. दुपारी घरी डुलकी लागली तरी याचा पुकारा सुरूच! वहिनी एकदा गाळ्यावर येऊन सांगत होत्या, "काल झोपेत 'शंभर एक, शंभर दोन' करून राहिले होते. तीन म्हणायच्या आत मी गदागदा हालवून उठवलं. पलंगावर मीच बसली होती ना!"

*

वर्षभर आम्ही लाल-पिवळ्यात असतो. नाताळ आला की सगळ्यांना पांढरं पाहिजे. कामठीच्या चर्चची पहिली ऑर्डर आली ती माझ्या शेजारच्या गाळ्यातल्या शोभाताईकडे. माल पोचवायला बाई स्वतः गेल्या, सोबत मी. तिथे चर्चच्या सिस्टरने गव्हाणीचा देखावा मांडलेला. बाळ, आई, मेंढ्या आणि कोपऱ्यात मातीचा एक बैल.

बैल पाहिला आणि बाई भडकल्या. "सिस्टर, याले असा बोडका काहून ठेवला वं? आमच्याकडं पोळ्याले कोणी बैल असा ठेवत नाही!"

पिशवीतून झेंडू काढला, तिथेच फतकल मारून माळ ओवली आणि बैलाच्या गळ्यात घातली. शिंगांनाही गोंडे! मी कपाळावर हात मारला. म्हटलं, गेलं गिऱ्हाईक.

पुढच्या डिसेंबरात सिस्टरची यादी आली. पांढरी शेवंती, निशिगंध वगैरे सगळं खाली. सगळ्यात वर लिहिलं होतं, 'बैलाची माळ, एक.'

*

यंदा थंडी कडक पडली आणि नाताळाच्या तोंडावर भाऊचा घसा बसला. बाजारात औषध सांगणाऱ्यांना काय तोटा? कोणी ज्येष्ठमध, कोणी हळद-दूध. मी म्हटलं, "भाऊ, सावजी रस्सा पी. सगळं मोकळं होते!"

प्याला बिचारा वाटीभर. डोळे वाहिले, नाक वाहिलं, कानातून वाफा निघाल्या. घसा थोडाफार चालू होता, तोही बंद!

डॉक्टरांनी आठ दिवस एक अक्षरही बोलायला बंदी केली. आमच्या बाजाराचे सेक्रेटरी माइक आणायला टपूनच बसले होते. त्यांनी जाहीर केलं, "नाताळापर्यंत आवाज आला तर ठीक. नाही तर माइक अन् नवा माणूस."

भाऊने चिठ्ठीवर लिहून मला दाखवलं, 'माइकले माल कळते का?' तीस वर्षं पुकारा केलेला माणूस! त्याचे डोळे भरलेले पाहून मला रस्सा आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

म्हणून मी म्हटलं, भाऊ बरा होईपर्यंत पुकारा मी करतो. पहिलंच पोतं माझ्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेवंतीचं. जोशात आलो. "साठ! पासष्ट! सत्तर! पंच्याहत्तर! एक, दोन, तीन!"

तोडला सौदा. मग विचारलं, "कोणी घेतलं बे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साठच्या पुढे माझ्याशिवाय कोणी बोललंच नव्हतं. ते पोतं मी घरी नेलं. बायकोने चार दिवस शेवंतीचा वास नको म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या.

*

दुसऱ्या दिवशी भाऊने जुना मार्ग काढला. आमच्या वडिलांच्या काळी काटोलच्या संत्र्याचे सौदे दुपट्ट्याखाली व्हायचे. विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने कापडाखाली हात धरायचा आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. तोंडातून चकार शब्द नाही, आणि भाव तिसऱ्याला सांगायचा नाही. मुक्याने सौदे करायला याहून सोयीचं काय? नाताळाच्या आदल्या दिवसापर्यंत बाजार असाच चालू राहिला. सेक्रेटरी तेवढे चरफडत होते. "उद्या माइक लावून राहिलो," म्हणाले.

तेवढ्यात कामठीहून सिस्टर आल्या. शोभाताईकडची पांढरी शेवंती कमी पडली, म्हणून थेट हर्रासात! भाऊने सवयीने हातावर दुपट्टा टाकला आणि हात पुढे केला.

सिस्टरला हे काय माहीत? गळ्याला मफलर गुंडाळलेला आजारी माणूस, तोंडातून शब्द नाही, हात पुढे. त्यांनी कापडाखाली तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागल्या.

एक मिनिट झालं. दोन झाली. सिस्टरची बोटं हलेनात, भाऊला घाम फुटला.

शोभाताई माझ्या कानाशी आल्या. "लयच घासाघीस करून राहिली गा सिस्टर!"

शेवटी सिस्टरने क्रूसाची खूण केली आणि हात सोडला. भाऊ उठला. पांढऱ्या शेवंतीची तिन्ही पोती त्याने स्वतः उचलून सिस्टरच्या ऑटोत ठेवली, वर झेंडूची एक माळ. ऑटो गेला, पैशाची गोष्टच निघाली नाही.

सेक्रेटरी धावत आले. "अरे, कितीत तोडला?"

भाऊने दुपट्टा झटकला, खांद्यावर टाकला, आणि दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जाईल असा ओरडला,

"सौदा गुप्त असते गा!"