म्हातारे माहेरी गेले तो उन्हाळा

उन्हाळ्यात बाईमाणूस माहेरी जाते, ही जगाची रीत. आमच्या घरी उलटं झालं. आमचे म्हातारे, म्हणजे माझे मालक, चिमूरच्या बाजूला बहिणीकडे लग्नाला गेले आणि परत आलेच नाहीत. लग्न आटोपलं, पाहुणे पांगले, हे तिथेच. मी फोन केला तर म्हणाले, "इथी झोप येते वो. त्या भट्टीत नाई येत मी आता."

भट्टी म्हणजे आमचं स्लॅबचं घर. बहिणीचं घर अजून जुनंच होतं, मातीच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. आमचंही तसंच होतं की! पण वानरं उड्या मारून कवेलू फोडायची, आणि पावसाच्या आधी ते फेरायला, म्हणजे फुटके काढून नवे बसवायला, माणूस मिळेना. कवेलू करणाऱ्या कुंभारानंही भट्टी बंद केली. मग पोरानं हौसेनं स्लॅब टाकला. माझे गुडघे सारवणाला वाकत नव्हते म्हणून अंगणातही सिमेंट ओतलं. कोणाचं चुकलं म्हणू? तेव्हा सगळ्यांना आनंदच झाला होता. पहिल्या उन्हाळ्यात कळलं. दिवसा स्लॅब तापतो आणि रात्रभर तो ताप अंगावर ओततो. लाईन गेली की पंखाही मुका.

गावात मजा झाली. शेजारीण कुंपणावरून विचारे, "काऊन बाई, भाऊ माहेरी गेले म्हंते? बाळंतपणाले का?"

मी हसायची. पण आत काहीतरी टोचायचं. इतकी वर्षं संगतीनं काढली आणि या वयात माणूस म्हणतो, घरी नाई येत. त्यांना परत आणायचं, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

सून म्हणाली, "आई, आपण घर थंड करू ना. मग येतीन मामाजी." सासऱ्यांना ती मामाजी म्हणते. ती मोबाईलवर पाहायची, कोणी छतावर बाग करते, कोणी काय. पण आम्ही पडलो धानवाले. आम्हाला काही झाकायचं म्हटलं की आधी तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, आठवते. आम्ही दोघींनी स्लॅबवर धानाचं तणीस जाड अंथरलं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारू लागलो. खरंच सांगते, घर गार झालं. मी फोनवर ऐटीत सांगितलंही.

आणि मग तणसात अडकलेले दाणे उगवले! छतावर हिरवंगार धान. शेजारीण वर पाहून म्हणते, "बाई, रोवणा कधी धरला? मले सांगजा, मी येईन रोवाले." कोवळे कोंब खायला वानरांची पलटण उतरली. खाली देवाच्या कोपऱ्यात छताला ओल आली, टिपटिप सुरू झाली. पोरगा वर चढला आणि त्यानं सगळं तणीस खाली ढकललं. फोनवर हे सांगितलं तेव्हा म्हातारे खूप हसले. किती दिवसांनी ते हसणं ऐकलं. मी म्हटलं, "मग येता का?" तर म्हणाले, "पाहू."

मग छताला चुना मारला. न्हाणीचं पाणी नालीत जायचं ते मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, वळवलं, तिथे केळी आणि धोपा, म्हणजे अळू, लावला. शेवटी मी म्हटलं, अंगणातलं सिमेंट काढा. पोरगा चिडला. "लोकं अंगण पक्कं करून राह्यले, अन् तू फोडते? गाव काय म्हनंल?"

"गाव म्हनूनच राह्यलं, बापा. तुझा बाप माहेरी गेला म्हंते."

त्यावर त्यानं सब्बल, म्हणजे पहार, उचलली. सिमेंटखालची माती पाहून मात्र माझा जीव कसातरी झाला. पांढरी, कोरडी, एक गांडूळ नाही. याच अंगणात आम्ही सुगीत धान पसरवायचो. शेण शेजारणीकडून मागून आणलं, कारण आमचा गोठाही केव्हाच मोडला. सुनेनं सारवलं, मी पाटावर बसून सांगत राहिले. मेढी रोवून मांडव घातला, वर शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, जांभळीच्या फांद्या. जांभळीचा पाला लवकर सुकत नाही. खाली त्यांची खाट टाकली आणि एसटीत बसले, त्यांना आणायला.

ननंदेच्या दारात पोचले आणि पायच थांबले. घराला छप्परच नव्हतं. कवेलू अंगणात रचून ठेवलेले, मातीची भिंत अर्धी पाडलेली. घरकुल मंजूर झालं होतं. आमचे म्हातारे निंबाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

ननंद धावत आली. तिचा चेहरा कसा फुलला होता! "वैनी, आता आमचाबी स्लॅब! अंगणात फरशी बसवू का सिमेंट टाकू, तुमी सांगा."

मी म्हटलं, "अंगण राहू द्या बाई मातीचं. अन् भिंती पाडू नका साऱ्या."

तिचा चेहरा उतरला. "तुमचं झालं ना सारं करून. आता आमाले सांगता."

ती इतकी वर्षं वानरांशी भांडली, गळक्या छपराखाली भांडी मांडत बसली. तिच्या सुखात मी कोणत्या तोंडानं खडा टाकू? चहा घेतला आणि निघालो.

एसटीत हे खिडकीशी बसले. मी माझं पुराण लावलं, मांडव कसा घातला, केळी कशी धरली, अंगण कसं फोडलं. ते हं हं करत होते. घरी आल्यावर खाटेवर बसले, वर पाल्याकडे पाहिलं. म्हणाले, "चांगला घातला."

तेवढंच. तेव्हापासून घरीच आहेत. दर उन्हाळ्यात मांडवाखाली झोपतात. शेजारीण म्हणते, "जिंकल्या बाई तुमी, आणलंच भाऊले." मी मान हलवते. पण ते मांडवासाठी आले, की तिकडचं छप्पर उतरलं म्हणून आले, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. कधी शब्द ओठांवर येतात. मग मी उठते आणि केळीला पाणी नीट जातं का ते पाहून येते.