कडूबा त्रिभुवनचा मुक्तिदिन

आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत सोमवारी सकाळी बातमी फुटली, की कडूबा त्रिभुवननं झेंड्याला हात लावायला नकार दिला. दुपारपर्यंत 'चर्चनं मनाई केली म्हणे' एवढी भर पडली. संध्याकाळी तर कडूबा सहकुटुंब परदेशी चालला होता. बातमी कुठून निघाली ते विचारू नका. गल्ली मला 'आकाशवाणी' म्हणते, आणि माझ्या ओट्यावर ती थोडा वेळ बसली होती, एवढं कबूल करतो.

खरं असं, की कडूबाचं घराणं आजोबांपासून ख्रिस्ती आहे आणि गल्लीतला झेंडा गेली नऊ वर्षं तोच बांधतो. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला आणि सतरा सप्टेंबरलाही. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानातून सुटला तो हा आमचा मुक्तिदिन. बत्तीस वर्षं शाळेत शिपाई होता तो. झेंड्याची घडी घालायची, आत झेंडूच्या पाकळ्या ठेवायच्या आणि वर सुरगाठ मारायची. दोरीला एक हिसका दिला, की गाठ सुटून पाकळ्या पाहुण्यांच्या टकलावर. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

तेव्हा नकार झेंड्याला नव्हताच. दोरी ओढणाऱ्या हाताला होता. यंदा गल्लीच्या कमिटीनं ध्वजारोहणाला आप्पासाहेबांना बोलावलं होतं.

आप्पासाहेब म्हणजे कडूबाच्याच शाळेचे निवृत्त हेडमास्तर, वय शहात्तर, घर दोन गल्ल्या पलीकडं. एकोणीस वर्षांपूर्वी एका पंधरा ऑगस्टला त्यांनी कडूबानं मारलेली गाठ बघितली, "ढिली वाटतेय" म्हणाले आणि स्वतःच्या हातानं आवळून तिची निरगाठ केली. निरगाठ ओढून सुटत नाही, ती कापावी लागते. पाहुणे ओढून ओढून दमले, बँड वाजून थांबला, झेंडा वर गाठोडं होऊन लटकलेला. हेडमास्तरांनी माईक घेतला. "दारू पिऊन येतो हा माणूस. देशाची लाज काढली." कडूबानं जन्मात थेंब घेतलेला नाही. सातवीत शिकणारी त्याची पोरगी प्रेरणा पहिल्याच रांगेत उभी होती. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली नाही. तिसऱ्याही दिवशी गेली नाही.

कडूबा तेव्हा काही बोलला नाही. नोकरी होती. पण त्यानंतर चर्चमध्ये सगळ्यांबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणताना, दुसऱ्याला क्षमा करायची ओळ आली की याचं तोंड बंद. पुढच्या ओळीला पुन्हा चालू. शेजारी उभ्या राहणाऱ्या त्याच्या बायकोला, मुक्ताबाईंना, एकोणीस वर्षं ही गप्प जागा ऐकू येत होती.

परवाच्या रविवारी छावणीतल्या चर्चमध्ये पाळकांनी मुक्तिदिनावर उपदेश केला. म्हणाले, देशावरचं परकं राज्य गेलं त्याला तारीख आहे. तुमच्या मनावर आज कुणाचं राज्य आहे, त्याचं नाव मनातल्या मनात घ्या. कुणी दारूचं घेतलं असेल, कुणी रागाचं. कडूबानं डोळे मिटले आणि समोर हेडमास्तर उभे राहिले. हे त्यानंच मुक्ताबाईंना सांगितलं. मंगळवारी मी त्यांच्याकडं साखर मागायला गेलो होतो, तेव्हा विषय चालूच होता. (साखर माझ्या घरी होती.)

"सोडा की आता," मुक्ताबाई म्हणाल्या.

"त्यानं माफी मागू दे. मंग बघू."

"आन् नाय मागितली तर?"

"तर नाय."

"व्हय का! देश मोकळा, मराठवाडा मोकळा, बायकोचं नाव मुक्ता. तुमीच एकटे बांधलेले!"

कडूबानं चहाची बशी खाली ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि चपला घातल्या. मीही मागं निघालो. रस्ता काही कुणाच्या बापाचा नाही.

आप्पासाहेबांच्या सुनेनं, श्रेयानं, दार उघडलं. म्हातारा खुर्चीत होता. लकव्यानं गेलेला उजवा हात मांडीवर पडलेला.

"सलाम सर. मी कडूबा, शाळेतला."

"अरे ये, ये! उद्या गाठ तूच मारणार ना?"

"सर, त्या पंधरा ऑगस्टचं तुमाला माफ केलं. एवढंच सांगायला आलो."

"कोणता पंधरा ऑगस्ट?"

कडूबानं सगळं सांगितलं. बँड, माईक, दारू, पहिल्या रांगेतली प्रेरणा. म्हाताऱ्यानं मान हलवली. "मी असं बोलेन? छे. तुझं काहीतरी चुकतंय, कडूबा."

मी फाटकापाशी उभा होतो. कडूबानं दाराची चौकट धरली होती. वाटलं, आता वळतो, आणि वळला तर हा मरेपर्यंत त्या ओळीपाशी गप्पच राहील.

पण तो वळला नाही. म्हणाला, "असंल सर. तरीबी माफ केलं."

मग पुढं झाला, खांद्यावरचा टॉवेल काढून त्याचं एक टोक म्हाताऱ्याच्या डाव्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. "उजवा चालत नाय नव्हं? डाव्यानं वढायचं. असं. एकच हिसका."

त्या दिवशी दिवेलागणीला त्यांच्या घरी प्रार्थना झाली. आमची भिंत सामाईक आहे आणि पातळही. ती ओळ आली आणि कडूबाचा आवाज थांबला नाही. मुक्ताबाईंचा थांबला.

बुधवारी सकाळी आप्पासाहेबांनी डाव्या हातानं दोरी ओढली आणि झेंडा पहिल्याच हिसक्यात उलगडला. सूर्य मावळायच्या आत कडूबा तो उतरवायला आला. मला राहवेना.

"कडूबाकाका, त्यांना तर काही आठवतच नाही. माफी नाही, खेद नाही. फुकटातच सोडलंत की!"

कडूबा झेंड्याची घडी घालत होता. वर न बघता म्हणाला, "आकाशवाणी, निजाम काय माफी मागून गेला व्हता? तो अठ्ठेचाळीस साली गेला. माझ्यावरचा हेडमास्तर काल गेला. लई उशीर झाला, पण गेला."